बुरशीची प्रजाती ओळखताना: शिळ्या पावापासून दगडातल्या बीजुकापर्यंत

पावसाळ्यात पावाची पिशवी दोन-तीन दिवस ओट्यावर राहिली की आत पांढरा कापूस धरतो, मग त्यावर काळे ठिपके येतात. ‘पावाला बुरशी आली’ एवढं म्हणून आपण पाव फेकून देतो. ही बुरशी नेमकी कुठली, हा प्रश्न ज्याला एकदा पडला त्याची मात्र नजरच बदलते. मसाल्यातलं दगडफूल, आंब्याच्या पानावरची काजळी, ज्वारीच्या कणसातली काणी, सगळंच थांबून बघावंसं वाटतं. हा लेख अशा नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. त्यात वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आले, बागायतदार आले, रानात भटकणारे हौशी आले. लिग्नाइट (तपकिरी कोळसा) किंवा चर्ट (सिलिकाचा कठीण दगड) यांच्या काचपट्टीत एखादं तपकिरी गोल बीजुक, म्हणजे बुरशीचं बी, दिसून अडखळलेले भूशास्त्राचे विद्यार्थीही आले.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. वर्तमानपत्रांत हल्ली ‘नवी प्रजाती सापडली’ असं लिहितात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा जाती म्हणायची असते. आपल्या शास्त्रीय मराठीत जाती ही सर्वांत खालची पायरी, अनेक जातींची मिळून एक प्रजाती, प्रजातींचं कुल आणि कुलांचा गण. ॲस्परजिलस ही प्रजाती, तर ॲस्परजिलस नायजर ही तिच्यातली जाती. इथे मी हे शब्द याच अर्थाने वापरतो आहे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कुठलंही नाव समोर आलं की ते कशावर बेतलं आहे हे विचारा. जिवंत बुरशीच्या प्रजातीचं नाव म्हणजे नात्याचा दावा असतो: या सगळ्या जाती एका पूर्वजाच्या आहेत, असं ते नाव म्हणतं. जीवाश्म प्रजातीचं नाव पुष्कळदा फक्त आकाराचं असतं: दोन पेशी, छिद्र नाही, भिंत गुळगुळीत, एवढंच. ही दोन्ही नावं लॅटिनच, छापतानाही सारखीच तिरकी छापतात, त्यामुळे ती एकाच मापाची आहेत असं नवख्याला वाटतं. सर्वांत जास्त चुका होतात त्या इथेच.

पहिली पायरी: ही बुरशी आहे तरी का?

अमेरिकी शास्त्रज्ञ ऱ्हिटेकर यांनी १९६९ मध्ये कवकांना, म्हणजे शास्त्रीय भाषेत बुरशींना, वनस्पतींपासून वेगळं काढून स्वतंत्र सृष्टी दिली. खऱ्या कवकाच्या पेशीभित्तीत कायटिन असतं, साठवणीचं अन्न ग्लायकोजेन असतं आणि पटलात अर्गोस्टेरॉल असतं. नात्याने कवकं झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहेत. ही व्याख्या इतकी महत्त्वाची का, हे पुस्तकात वाचून पटत नाही. नाशिककडच्या द्राक्षबागेत गेलात तर मात्र लगेच पटेल.

द्राक्षावर भुरी येते आणि डाऊनीही येते, म्हणजे आपला केवडा. दोन्हींत पानावर पांढरं पीठ दिसतं. भुरीची बुरशी पानाच्या पृष्ठभागावरच पसरते आणि वरच्या पेशींत फक्त शोषकं, म्हणजे अन्न ओढणारे फुटवे, घुसवते, म्हणून ते पीठ बोटाने पुसता येतं. डाऊनीत मात्र पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग असतात आणि बरोबर त्यांच्याखाली, पानाच्या पाठीवर, पर्णरंध्रांतून पांढरी लव बाहेर येते. भुरी करणारी एरिसिफे खरी कवक आहे, धानीकवकांतली (हा गट पुढच्या पायरीत येईल). डाऊनी करणारी प्लाझ्मोपारा कवक नाहीच. तिची पेशीभित्ती मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकनची असते आणि ती नात्याने तपकिरी शैवलांकडची. बटाट्याचा उशिरा येणारा करपा करणारी फायटोफ्थोराही तिच्याच घरची. बागायतदाराच्या खिशाशी या वर्गीकरणाचा थेट संबंध आहे. ट्रायझोल गटातली औषधं अर्गोस्टेरॉल बनण्याची वाट अडवतात. डाऊनीचा जीव अर्गोस्टेरॉल बनवतच नाही, म्हणून ती औषधं भुरीवर चालतात आणि डाऊनीवर वाया जातात. मेटालॅक्झिलचं बरोबर उलट, ते डाऊनीवर चालतं आणि भुरीवर नाही.

याच पायरीवर दगडफुलाचंही सांगून टाकतो. गोड्या मसाल्यात पडणारं दगडफूल म्हणजे कवक आणि शैवल यांचा एकत्र संसार. त्याला दिलेलं शास्त्रीय नाव, उदाहरणार्थ पार्मोट्रेमा, नियमानुसार त्यातल्या कवकाचं मानतात. शैवलाचं नाव वेगळं असतं.

दुसरी पायरी: पडदे आणि बीजुकं

कवकं ठरली की रंगाकडे न जाता दोन गोष्टी बघा. तंतूंना आडवे पडदे आहेत का, आणि बीजुकं कुठे व कशी बनतात.

तंतू रुंद, पडदे जवळपास नाहीत आणि बीजुकं एका गोल कोशात कोंडलेली, तर तुम्ही म्यूकर-ऱ्हायझोपसच्या गोतावळ्यात आहात. पडदे आहेत आणि लैंगिक बीजुकं एका पिशवीत, म्हणजे धानीत, बहुधा आठ, तर ते धानीकवक. पडदे आहेत आणि बीजुकं गदेसारख्या पेशीच्या टोकावर बाहेर, बहुधा चार, तर ते गदाकवक. अळंब्या, भूछत्रं, झाडावरची कानं ही सगळी गदाकवकं. पण गव्हावरचा तांबेरा आणि ज्वारीतली काणीही गदाकवकंच, छत्री नसली तरी. गदाकवकांच्या तंतूंवर पडद्याच्या शेजारी पुष्कळदा एक छोटी कडी दिसते, कपाच्या कानासारखी. ती दिसली की गट ठरला. ती नाही म्हणून गट रद्द मात्र होत नाही.

पाण्यात पोहणारी, शेपूट असलेली बीजुकं करणारे कायट्रिड आणि मुळांत राहणारे ग्लोमस-मंडळी हे आणखी दोन मोठे समूह. ते स्वयंपाकघरात भेटत नाहीत, पण जीवाश्मांत भेटतात, म्हणून नावं लक्षात असू द्या.

नावाच्या शेपटावरून पायरी कळते. ‘मायकोटा’ने संपलं तर संघ, ‘मायसीटीज’ने संपलं तर वर्ग, ‘एलीझ’ने संपलं तर गण, ‘एसी’ने संपलं तर कुल. हे एका बैठकीत पाठ करून टाका.

तिसरी पायरी: पहिली काचपट्टी

पारदर्शक चिकटपट्टीचा दोन सेंटिमीटरचा तुकडा घ्या. चिकट बाजू बुरशीच्या कडेला, जिथे वाढ ताजी आहे तिथे, हलकेच टेकवा. दाबू नका. काचपट्टीवर लॅक्टोफेनॉल कॉटन ब्लूचा एक थेंब ठेवून त्यावर ती पट्टी उपडी चिकटवा. आधी दहाच्या वस्तुभिंगाखाली सगळं फिरून बघा, मग चाळीसवर जा. बहुतेक जण घाईने मधला, जुना, काळाकुट्ट भाग उचलतात. तिथे सुट्ट्या बीजुकांचा चिखल दिसतो आणि रचना मोडलेली असते.

पावावर काळे ठिपके असतील तर बहुधा ऱ्हायझोपस दिसेल: उंच दांडे, टोकाला काळे गोल कोश, आणि दांडे जिथून उठतात बरोबर त्याच्या खाली मुळांसारख्या फुटव्यांचा झुपका. ते झुपके अजिबात नसतील तर म्यूकर. झुपके आहेत पण दांडे दोन झुपक्यांच्या मधून कुठूनतरी निघाले आहेत आणि कोश पेरूसारखा खाली निमुळता आहे, तर लिक्थाइमियाचा विचार करा. तीन प्रजाती वेगळ्या करायला फक्त मुळांची जागा पुरते. मला आजही हे त्रिकूट शिकवायला आवडतं, कारण रंग विसरून रचना बघायची सवय इथेच लागते.

२०२१ मध्ये ज्या आजाराला सगळे ‘काळी बुरशी’ म्हणू लागले तो याच म्यूकर-गोतावळ्याचा. तो काळा रंग बुरशीच्या तंतूंचा नव्हता, रक्तपुरवठा तुटून मेलेल्या उतींचा होता. या बुरशीचे तंतू बिनरंगी असतात. कवकशास्त्रात ज्यांना काळी कवकं म्हणतात, म्हणजे भिंतीतच मेलॅनिन असलेली आल्टरनेरिया, कर्व्ह्युलारिया वगैरे, ती मंडळी वेगळीच.

हिरवट बुरशी आली असेल तर ॲस्परजिलस की पेनिसिलियम, हे ठरवायचं. ॲस्परजिलसचा दांडा खाली बुटासारख्या एका पेशीतून उठतो आणि वर फुगून गोल डोकं होतो. त्या डोक्यावर बाटलीच्या आकाराच्या पेशी दाटीने उभ्या असतात आणि प्रत्येकीतून कोनिडियांची (अलैंगिक बीजुकांची) माळ बाहेर पडते. या पेशी डोक्यावर थेट बसल्या आहेत, की मध्ये आणखी एका पेशीचा थर आहे, हे वहीत नक्की लिहा. जाती ओळखताना ते लागतं. मिकेली या इटालियन वनस्पतिज्ञाने १७२९ मध्ये हे नाव दिलं. चर्चमध्ये तीर्थ शिंपडायचं जे उपकरण असतं त्याची त्याला आठवण झाली. पेनिसिलियमला ना फुगीर डोकं, ना बुटाची पेशी. दांडा वर फांद्या फुटून केरसुणीसारखा होतो, आणि नावाचा अर्थही छोटा कुंचला असाच.

हे सगळं करताना बुरशीचा वास घेऊ नका, डबा तोंडाजवळ उघडू नका, काम झालं की तुकडा पिशवीत बांधून टाका. शेंगदाणे आणि मक्यावरच्या पिवळट हिरव्या ॲस्परजिलस फ्लेव्हसमधून अफ्लाटॉक्सिन तयार होतं. बुरशी पुसून ते दाणे खाऊ नयेत. दम्याचा त्रास असेल तर हे काम प्रयोगशाळेतच करा.

चौथी पायरी: एका बुरशीची दोन नावं

जुनी पुस्तकं उघडलीत की इमेरिसेला, युरोशियम, निओसार्टोरिया अशी नावं भेटतील. हे सगळं ॲस्परजिलसच. धानीकवकांत एकच बुरशी अलैंगिक रूपात एक दिसते आणि लैंगिक रूपात दुसरीच. पूर्वीच्या नियमांनी दोन्ही रूपांना वेगळं नाव द्यायची मुभा होती, कारण दोघांचं नातं कळायलाच कित्येक वर्षं जात. २०११ मध्ये मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ही मुभा काढली आणि एका कवकाला एकच नाव असं ठरलं. १ जानेवारी २०१३ पासून नव्या कवकनावाची मान्य नोंदकोशात नोंदणीही सक्तीची झाली. म्हणून कुठलंही नाव वापरण्याआधी मायकोबँक किंवा इंडेक्स फंगोरम यांपैकी एक नोंदकोश उघडून त्याचं आजचं मान्य रूप बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते न केल्याने अख्खे प्रकल्प जुन्या नावांनी भरलेले मी पाहिले आहेत.

डीएनएबद्दल थोडक्यात सांगतो. आयटीएस नावाचा तुकडा २०१२ पासून कवकांची सर्वसाधारण ओळखपट्टी मानला जातो. प्रजातीपर्यंत तो सहसा पोचवतो. ॲस्परजिलस, फ्युझेरियम यांच्या जाती मात्र त्याने सुटत नाहीत, तिथे आणखी जनुकं वाचावी लागतात. प्रयोगशाळेचा अहवाल आला म्हणून काचपट्टी बघायचं सोडू नका.

पाचवी पायरी: पान, आणि पानाचा जीवाश्म

जिवंताकडून जीवाश्माकडे जायचा सर्वांत सोपा पूल म्हणजे पानावरची काळी बुरशी.

आंब्यावर तुडतुडे आले की त्यांच्या गोड चिकट्यावर काजळी धरते. ती खरवडली तर पापुद्र्यासारखी सुटते आणि खाली पान हिरवं असतं, कारण ती बुरशी पानात शिरतच नाही. सह्याद्रीच्या दाट, ओल्या रानात पानांवर जे मखमली काळे गोल ठिपके दिसतात ते वेगळे. त्यांतला एक चिकटपट्टीने उचला. तपकिरी तंतूला दोन्ही बाजूंनी दोन पेशींच्या छोट्या गुंड्या लागलेल्या दिसतात, शर्टाच्या काजापट्टीवर लागाव्यात तशा. त्या गुंडीतून बुरशी पानाच्या पेशीत शोषक खुपसते. ही मेलिओला. तिची बीजुकं मोठी, तपकिरी, बहुधा चार पडद्यांची म्हणजे पाच पेशींची.

आता असं समजा की ते पान दोन-तीन कोटी वर्षं गाळात दबून राहिलं. पानाचा वरचा पापुद्रा टिकला, त्यावर गुंड्यांसकट तंतूही टिकले. अशा जीवाश्माला मेलिओलायनायटिस म्हणतात. हे नाव नात्याचं आहे, कारण गुंड्या दिसतात आणि त्या दुसऱ्या कुणाला तशा नसतात. पण पान कुजून गेलं आणि पाच पेशींचं बीजुक एकटंच गाळात उरलं, तर ते जाईल मल्टिसेलेस्पोरायटिस या नावाखाली. त्या नावाचा अर्थ फक्त एवढाच: अनेक पेशी, छिद्र नाही. त्याच पेटीत दुसऱ्या पाच कुलांची बीजुकंही शेजारी पडलेली असतात. एकच बुरशी, काय उरलं त्यावर तिचं जीवाश्म-नाव ठरलं.

सुटी बीजुकं ओळखायची रीत साधी आहे. पेशी मोजा, छिद्रं मोजा, मग नक्षी बघा. एक पेशी आणि छिद्र नाही, तर इनॅपर्टिस्पोरायटिस. एक पेशी, एक छिद्र, तर मोनोपोरिस्पोरायटिस. दोन पेशी, छिद्र नाही, तर डायसेलेस्पोरायटिस. दोन पेशी, चातीसारखा आकार आणि अंगावर लांबीच्या दिशेने रेघा, तर फ्युझिफॉर्मिस्पोरायटिस. जिलेबीसारखं वेटोळं असेल तर इन्व्होल्युटिस्पोरोनायटिस. शेपटाचं ‘आयटिस’ हे जीवाश्माच्या नावांत फार दिसतं, पण तो नियम नाही, नुसती वहिवाट आहे.

याशिवाय जीवाश्म पानांवर बुरशीची ढालीसारखी चपटी फळं, म्हणजे बीजुकांची घरं, सापडतात. मधून किरणांसारख्या पेशी पसरलेल्या, वरून पाहिलं तर छोट्या चकतीसारख्या. पेशीपेशीला बारीक छिद्र असेल आणि मध्ये तोंड नसेल तर कॅलिमोथॅलस. पेशींना छिद्रं नसतील तर फ्रॅग्मोथायरायटिस बघा. आजच्या मायक्रोथायरिएसी कुलाशी यांचं साम्य आहे, आणि ती मंडळी उष्ण, दमट रानात भरभराटतात. म्हणून थरात अशी फळं भरपूर निघाली की त्या काळी तिथे पाऊसमान चांगलं होतं, असा अंदाज अभ्यासक बांधतात. एका फळावरून मात्र हवामान ठरवू नका.

सहावी पायरी: दगडात संपूर्ण देह असेल तेव्हा

स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळचा चर्ट हा कवकांच्या अभ्यासकांचा खजिना. सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षांपूर्वी गरम झऱ्यांच्या सिलिकाने तिथली दलदल पेशी-पेशीनिशी गोठवली. विल्यम मॅकी या डॉक्टरांना तो दगड १९१२ मध्ये सापडला. किड्स्टन आणि लँग यांनी १९२१ मध्ये त्यातल्या कवकांचं वर्णन केलं तेव्हा तंतू आणि पुटकुळ्या पॅलिओमायसिस या एकाच पोत्यात भरल्या. त्यांच्यापुढे दुसरा मार्गही नव्हता. पुढे अग्लाओफायटॉन या वनस्पतीच्या पेशींत झाडासारख्या फांद्या फुटलेली शोषकं स्पष्ट दिसली, आजच्या ग्लोमस-मंडळींची असतात तशीच. मग १९९५ मध्ये ग्लोमायटिस ऱ्हायनिएन्सिस हे नाव आलं. त्याच चर्टमध्ये खोडात दडलेल्या सुरईसारख्या फळांत धान्या आणि त्यांतली बीजुकं मिळाली, ती पॅलिओपायरेनोमायसायटिस. पोत्यातून एकेक प्रजाती बाहेर येते ती अशी, नवं लक्षण दिसल्यावर.

आपल्याकडेही असा दगड आहे. लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळ्यांचा गाळ साठला आणि त्याचा चर्ट झाला. नागपूरच्या उत्तरेला, मध्य प्रदेशातल्या जुन्या छिंदवाडा जिल्ह्यात (२०२३ पासून पांढुर्णा जिल्हा), मोहगाव कलान आणि सौसरच्या भोवती तो मिळतो. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी आणि राव यांनी १९४३ मध्ये सौसरच्या चर्टमधल्या वनस्पतींबरोबर एक सुरईच्या आकाराचं कवकफळ मांडलं आणि त्याला पॅलिओसोर्डारिया म्हटलं. शब्दशः अर्थ प्राचीन सोर्डारिया. हे नाव ऐकून ‘हा आजच्या सोर्डारियाचा पूर्वज’ असं लिहू नका. नावात साम्य सांगितलं आहे, वंशावळ सिद्ध केलेली नाही.

कधीकधी साम्य इतकं पुरेपूर असतं की जिवंत प्रजातीचंच नाव देता येतं. बाल्टिक अंबरमध्ये, म्हणजे झाडाच्या दगड झालेल्या राळेत, एका उड्या मारणाऱ्या कोलेंबोला किड्यावर वाढलेली ॲस्परजिलसची डोकी दांड्यासकट मिळाली. २००५ मध्ये तिला ॲस्परजिलस कोलेंबोलोरम असं नाव दिलं. छत्रीवाली अळंबी मात्र जीवाश्मात दुर्मिळ. दोन दिवसांत कुजणारी गोष्ट दगड व्हायला नशीब लागतं. ब्राझीलच्या क्रेटो थरातली गोंडवानागॅरिसायटिस सुमारे ११ कोटी ५० लाख वर्षांची. तिचं वर्णन २०१७ मध्ये आलं.

जीवाश्म कवकाचं अंगच सापडलं पाहिजे असंही नाही. गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर येणारी आणि बाजारात भाव खाणारी अळमी म्हणजे टर्मिटोमायसिस. तिला वाळवी आपल्या वारुळात मळ्यासारखी पिकवते. टांझानियात सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात वाळवीचे हे मळेच दगड होऊन सापडले आहेत. छत्री नाही, बीजुक नाही, तरी शेती दिसते.

उलट बाजूला प्रोटोटॅक्सायटिस. आठ मीटरपर्यंत उंचीचे बुंधे, डेव्होनियन काळातले (सुमारे ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वीचे). भूशास्त्रज्ञ डॉसनने १८५९ मध्ये त्याला सूचिपर्णी झाडाचं लाकूड मानलं, पुढे कुणी शैवल म्हटलं, ह्यूबरने २००१ मध्ये महाकाय कवक म्हटलं, आणि अलीकडे तो कवकांत बसतो का यावरच पुन्हा शंका घेतली गेली. दीडशेहून जास्त वर्षं नाव तेच राहिलं. नाव एका नमुन्याला बांधलेलं असतं, मताला नाही, म्हणून हे चालतं.

एक नियम जाता जाता. जीवाश्मावर बेतलेलं नाव आणि जिवंतावर बेतलेलं नाव एकाच कवकाचं निघालं, तर जिवंताचं नाव टिकतं, जीवाश्माचं जुनं असलं तरी.

सातवी पायरी: पाकीट आणि वही

रानातून आणलेली बुरशी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, ती घामेजून कुजते. कागदी पाकीट वापरा. अळंबीची छत्री रात्रभर अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर उपडी ठेवा. सकाळी बीजुकांचा रंग कागदावर उतरलेला असतो. टर्मिटोमायसिसचा गुलाबीसर येतो. पण एवढ्या ओळखीवर कुठलीही अळंबी खाऊ नका, गावातल्या जाणत्या माणसाने दाखवल्याशिवाय तर नाहीच.

एखादा नमुना खरोखर अडला तर पुण्याला आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय कवक संवर्धन संग्रह आहे आणि महाराष्ट्रातल्या कवकशास्त्राचे आद्य अभ्यासक अजरेकर यांच्या नावाचं कवकसंग्रहालयही तिथेच आहे. जाताना वाळवलेला नमुना, काचपट्टी आणि वही तिन्ही न्या. नुसता मोबाइलवरचा फोटो घेऊन गेलात तर तिथले लोकही तुम्हाला तिन्ही गोष्टी आणायलाच सांगतील.

वहीत प्रत्येक नमुन्याला दोन रकाने करा. डाव्या रकान्यात फक्त जे दिसलं ते: तारीख, गाव, कुठल्या झाडावर किंवा कुठल्या थरात, तंतूची रुंदी, निदान वीस बीजुकांची मापं मायक्रोमीटरमध्ये, पडदे किती, छिद्रं किती. उजव्या रकान्यात तुम्हाला काय वाटतं ते: ‘मेलिओला असावी’, ‘डायसेलेस्पोरायटिस, कुल सांगता येत नाही’. उजवा रकाना खोडता येतो, डावा खोडायचा नाही. पाकिटावर पेन्सिलनेच लिहा. पावसाळ्यात शाई पसरते आणि गावाचं नाव पुसलेला नमुना कुणाच्याच उपयोगाचा राहत नाही.